दोन येम

माझ्या आईचं लग्न झालं त्या दिवशी त्याच मैदानात आणखी अठरा जोडप्यांची लग्नं झाली. त्यांतलं आईचं तेवढं चुकून झालं.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. मोंगच्या दक्षिणेला बंधाऱ्याचं काम चालू होतं. दुपारी अचानक कुदळी खाली ठेवायला सांगितल्या. बायकांना एका ओळीत बसवलं, पुरुषांना समोरच्या ओळीत. सगळ्यांच्या अंगात काळे कपडे. लग्न आहे हे आईला तिथं बसल्यावर कळलं, आणि आपलं आहे हे नाव पुकारल्यावर कळलं. तुकडीचा प्रमुख यादी वाचत होता. त्यानं दोन नावं वाचायची, दोघांनी उठून शेजारी उभं राहायचं आणि अंगकारला वचन द्यायचं की आम्ही दोघं मिळून हेक्टरी तीन टन भात पिकवू. अंगकार म्हणजे संघटना. तिला तोंड नव्हतं, पण खाणं, झोपणं, मरणं सगळं तिच्या हुकमानं चालायचं. आणि ती कधी चुकत नसे.

"साथी केत. साथी येम."

आई उठली. समोरून एक रुंद खांद्यांचा माणूस उठला. त्यानं आईकडे बघितलं, मग यादीवाल्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. हे माझे बाबा.

त्या दिवशी सगळ्यांना पेजेऐवजी घट्ट भात मिळाला, वर माशाचा तुकडा. आईनं तो भात वाडगा पुसून खाल्ला. लग्नापेक्षा तिला तो भात जास्त आठवतो.

नव्या जोडप्यांना खांबांवर उभ्या केलेल्या एकेक झोपड्या दिल्या होत्या, आणि नवराबायको नीट नांदतात की नाही हे ऐकायला खाली अंधारात हेर बसायचे.

"काहीतरी बोल," बाबा कुजबुजले.

"काय बोलू?"

"काहीही. भांड माझ्याशी."

"कशावरून?"

"माझ्या पायांना वास येतो म्हण."

"येतोच आहे," आई म्हणाली.

खालचा माणूस निघून गेल्यावर बाबांनी तिला खरं काय ते सांगितलं. "मी तुला मागितलं नव्हतं."

"मी तरी तुला कुठं मागितलं होतं?"

"तसं नाही. मी रीतसर विचारलं होतं. येम पाहिजे म्हणून. पण ती येम. खड्डे मोजणारी. काळी येम."

काळ्या येमला आई ओळखत होती. तिला ओळखत नाही असं त्या बंधाऱ्यावर कोणीच नव्हतं. ती त्याच भागातली शेतकऱ्याची पोर, म्हणजे 'जुनी माणसं' म्हणत त्यांतली. हातात बांबूची काठी घेऊन ती प्रत्येकीचा खड्डा मोजायची. खड्डा कमी भरला की पेज कमी. आई होती 'नवी माणसं' म्हणत त्यांतली, बातंबांगहून हाकलून आणलेली. तिला सगळे शहरी येम म्हणत.

"मग जाऊन सांग की चूक झाली," आई म्हणाली.

"कोणाला सांगू? अंगकार चुकली म्हणून?"

बाबांनी चटईवर मधोमध आपला क्रमा, म्हणजे खांद्यावरचा पंचा, लांब पसरला आणि त्याच्या पलीकडे पाठ करून झोपले. तो पंचा पुढं वर्षभर तिथंच राहिला.

आईचं मूळ घर बातंबांगला नदीच्या काठी. तिचे वडील राजाला हटवून सत्तेवर आलेल्या जनरलच्या फौजेत भरती झाले आणि त्या लढाईतच गेले. आई, तिची आई आणि धाकटा भाऊ रित एवढेच उरले. आई एका शिवणाच्या दुकानात काजं करायची. पंच्याहत्तरच्या एप्रिलमध्ये अंगकारची काळ्या कपड्यांतली पोरं शहरात आली आणि म्हणाली, तीन दिवसांसाठी बाहेर पडा. तिघं बाहेर पडली ती मोंगपर्यंत चालत आली. तिथं आईला तरुण मुलींच्या फिरत्या तुकडीत घातलं. सत्त्याहत्तरमध्ये ती एकदा परवानगी काढून आईला भेटायला गेली तर झोपडी रिकामी. झाडलेली, स्वच्छ, रिकामी. "त्यांना हलवलं," एवढंच शेजारी म्हणाले आणि कामाला लागले. कुठं, हे विचारायची सोय नव्हती.

तेव्हापासून आई एका जागी टिकत नाही. मी तिला मांडी घालून जेवताना फार थोड्या वेळा पाहिलंय. ती ताट हातात घेऊन दारात उभी राहून जेवते.

एकोणऐंशीच्या जानेवारीत व्हिएतनामी रणगाडे आले. तुकडीचे प्रमुख डोंगराकडे पळाले आणि एका सकाळी बंधाऱ्यावर हुकूम द्यायला कोणीच नव्हतं. आई-बाबा मोठ्या रस्त्यापर्यंत बरोबर चालले. तिथं बाबांनी तांदळाची अर्धी पुरचुंडी तिला दिली.

"तू तुझी माणसं शोध. मी माझी शोधतो."

"बरं."

"काही चुकलं असेल तर..."

"काही नाही चुकलं. जा."

आई बातंबांगला गेली. घरात कोणी अनोळखी कुटुंब राहत होतं. ते भले होते, त्यांनी तिला ओसरीवर जागा दिली, पण आजीचा आणि रितचा पत्ता कोणालाच नव्हता. ती वर्षभर रस्त्यांवर होती. जिथं माणसं जमत तिथं जायची, दोन नावं सांगायची आणि पुढं चालायची. ऐंशी साली ती मोंगच्या बाजारात उभी असताना कोणीतरी मागून म्हणालं, "पायांना अजून वास येतो. बघ."

बाबा ताडगूळ विकत बसले होते. ते आपल्या गावी, कोक त्रोमला जाऊन आले होते. आईवडील गेले होते, बैल होते.

"आणि ती?" आईनं विचारलं.

"गेलो होतो शोधायला. पळणाऱ्यांबरोबर सरहद्दीकडे गेली म्हणतात." बाबा काही लपवत नसत. लपवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं असं मला अनेकदा वाटतं.

दोघं मोंग स्टेशनामागे एका पत्र्याच्या खोलीत राहू लागली. एक्याऐंशीत मी झाले. इतर बायका नवऱ्याला 'बोंग', म्हणजे दादा, अशी जुनी हाक परत मारू लागल्या होत्या. आईच्या तोंडात मात्र 'केत' बसलं ते बसलंच. ती पहाटे तांदळाच्या शेवया पाडायची, माशाचा हिरवा रस्सा करायची आणि टोपली घेऊन फलाटावर जायची. गाडी थांबली की प्रत्येक खिडकीतला चेहरा बघायची. गिऱ्हाइकांना वाटे, बाई चपळ आहे.

पंच्याऐंशीत सरकारनं सरहद्दीवर जंगल तोडून भिंत, खंदक आणि सुरुंगांची पट्टी करायला घेतली. पळालेले लोक पलीकडच्या थाई बाजूला छावण्या करून लढत होते, त्यांना अडवायला. प्रत्येक गावानं इतकी माणसं द्यायची असं ठरलं. आमच्याकडून अकरा जण गेले, त्यांत बाबा. तीन महिन्यांचं काम म्हणून गेले. पाच महिन्यांनी अकरातले सहा परत आले, पिवळे पडलेले, तापानं थरथरणारे. त्यांतला वुन हा बाबांच्याच गावचा, पूर्वी त्यांच्यासारखाच गाडीवान. तो आमच्या दारात बसून म्हणाला, "केत मेला नाही वहिनी. पळाला. पलीकडे गेला."

"पलीकडे कुठं?"

"पलीकडे म्हणजे पलीकडे. छावण्या आहेत ना."

आईच्या हातात पीठ होतं. तिनं ते हात तसेच कमरेला पुसले. पलीकडे कोण होतं हे तिला माहीत होतं.

त्या आठवड्यात गावप्रमुखानं तिला बोलावलं. टेबलावर तिच्या नावाचा कागद होता.

"तुझा नवरा शत्रूला मिळालाय."

"शत्रूला मिळालाय की बाईला, हे आधी मला कळू द्या," आई म्हणाली. "मग तुम्हाला सांगते."

गावप्रमुख हसला असेल, पण शिक्षा चुकली नाही. सहा आठवडे तिला रोज संध्याकाळी राजकीय वर्गाला बसावं लागलं. तिथंही ती मागच्या बाजूला उभी राहायची.

मग ती त्यांना शोधायला निघाली. मला शेजारी ठेवलं आणि सरहद्दीकडच्या सिसोफोनची गाडी धरली. त्या काळी इंजिनाच्या पुढं दोन उघड्या वाघिणी जोडत, सुरुंग असला तर आधी त्या उडाव्यात म्हणून. सगळ्यात पुढच्या वाघिणीवर बसणाऱ्याला तिकीट नसे. आई तिथं बसून गेली आणि तशीच परत आली. सिसोफोनच्या पुढं सैनिकांनी जाऊ दिलं नाही. पुढच्या सहा वर्षांत ती अशी नऊ वेळा गेली. "आता बाबांना आणायला चाललीस का?" मी विचारायची. ती म्हणायची, "आणायला नाही. विचारायला."

एक्याण्णवच्या अखेरीस तह झाला आणि ब्याण्णवमध्ये छावण्या उठल्या. निळ्या टोप्यांचे परदेशी सैनिक आले, सिसोफोनहून माणसांनी भरलेल्या गाड्या सुटू लागल्या. आई प्रत्येक गाडीला उभी. ऑगस्टमध्ये एका दुपारी एक हडकुळा माणूस उतरला. डोक्यावर निळी ताडपत्री, हातात बादली, बादलीत एक पातेलं आणि करवत. तो टोपलीसमोर येऊन उभा राहिला. आईनं वर पाहिलं, वाडगा घेतला, शेवया घातल्या, रस्सा ओतला आणि त्याच्या हातात दिला.

"खा," ती म्हणाली. "मग बोलू."

बाबांनी उभ्यानंच खाल्लं. खाताना त्यांचे डोळे माझ्याकडे होते. मी अकरा वर्षांची होते आणि टोपलीमागे लपले होते.

"एवढी मोठी झाली?"

"न बघताच झाली," आई म्हणाली.

त्यानंतरची तीन वर्षं आमच्या घरात एकच भांडण झालं. तेच रोज झालं.

"ती होती का तिकडे?"

"कोण?"

"कोण ते तुला माहितीय."

"येम, मी तिला पाहिलंसुद्धा नाही. ताप होता, तिथं राहिलो असतो तर मेलो असतो, म्हणून पलीकडे गेलो. परत आलो असतो तर पळपुटा म्हणून धरलं असतं."

"सात वर्षं?"

"छावण्या वेगळ्या होत्या गं. आमची वेगळ्या गटाची, काळ्या कपडेवाल्यांची वेगळी. इकडून तिकडे जाता येत नव्हतं."

"तुला जायचं नव्हतं की जाता येत नव्हतं?"

इथं बाबा थांबायचे. विचार करायचे. आणि तो विचार करायला लागलेला क्षण आईला पुरायचा.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात मतदान झालं. डोंगरात उरलेल्या काळ्या कपडेवाल्यांनी धमकी दिली होती की केंद्रांवर तोफा डागू. लोक तरी पहाटेपासून उभे होते, ठेवणीतले कपडे घालून. बाबा उघड सांगत होते की मी राजाच्या मुलाला मत देणार. आईनं काय केलं ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. बोटाची शाई वाळवत ती एवढंच म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी आडोशाला नेऊन विचारलं की तुला काय पाहिजे." शेवटी भांडत बसलेल्या दोन पक्षांनी मिळून दोन पंतप्रधान नेमले. बाबा म्हणाले, "बघ, देशाचं पण तसंच. एक मागितला, दोन आले." आई हसली नाही.

पंच्याण्णवमध्ये बाबांचं पोट फुगलं. जुन्या हिवतापानं यकृत गेलं होतं. शेवटच्या आठवड्यातही आई खाटेशेजारी उभी राहून पंख्यानं वारा घालायची आणि मध्येच विचारायची, "आता तरी सांग." बाबा म्हणायचे, "सांगितलं. नाही पाहिली." नंतर त्यांनी बोलणंच सोडलं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि आईचा मला इतका राग आला होता की मी अंत्यसंस्काराला तिच्या शेजारी बसले नाही.

पुढच्या वर्षी डोंगरातले काही गट सरकारला येऊन मिळाले आणि सरहद्दीजवळच्या मालाईचा रस्ता उघडला. एक मक्याचा व्यापारी शेवया खाता खाता म्हणाला की तिकडे कोक त्रोमची एक बाई आहे, येम नावाची, चांगली काळी. आईनं त्याच्या हातातला वाडगा भरायचा सोडला. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत ती मला घेऊन निघाली. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात आम्ही बसलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुरुंगांच्या लाल पाट्या होत्या, आणि आई दर थोड्या वेळानं उठून उभी राहत होती. ड्रायव्हर ओरडला, "मावशी, बसा. उडायचं असेल तर एकट्या उडा."

काळी येम मक्याची कणसं सोलत होती. दारात अनोळखी बायका बघून तिनं सुरी हातातच ठेवली.

"कोण पाहिजे?"

"मला ओळखलं नाहीस. मी शहरी येम. बंधाऱ्यावरची."

काळ्या येमनं बराच वेळ पाहिलं. "तेव्हाचं काही काढायला आली असशील तर," ती म्हणाली, "मी फक्त मोजायची. मला मोजायला सांगितलं होतं."

"ते नाही. केतबद्दल आलेय."

"कुठला केत?"

"कोक त्रोमचा. गाडीवान. रुंद खांद्यांचा."

"तो होय? ज्याचा एक बैल वेडा होता? त्याचं काय झालं?"

"तो तुझ्याकडे आला नाही? पंच्याऐंशीत? त्यानंतर?"

"माझ्याकडे कशाला येईल तो?"

"त्यानं तुला मागितलं होतं. लग्नासाठी. यादीत चूक झाली आणि मी आले."

काळी येम आधी हसली. सुरी खाली ठेवून, क्रमाआड दात लपवून हसली. "मला? मला तर कोणी काही बोललंच नाही." मग तिचं हसणं ओसरलं. "त्याच आठवड्यात मला एका सैनिकाला दिली. एका डोळ्याचा होता. दुसऱ्या डोळ्यानं माझं काय चुकतंय एवढंच बघायचा." तिनं बाही वर केली. कोपराखाली हाड वेडंवाकडं सांधलेलं होतं. "एकोणनव्वदला सुरुंगावर गेला. मी मंत्र म्हणायला भिक्षूसुद्धा बोलावला नाही." ती बाही खाली करत म्हणाली, "केत मारायचा का तुला?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"प्यायचा?"

"नाही."

"मग तुला त्रास कसला होता?"

आई वळली आणि अंगणातून मक्यापर्यंत गेली, तिथून परत आली, परत गेली. मी काळ्या येमजवळ बसून कणसं सोलू लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

निघायच्या आधी आई तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता एकच. सत्त्याहत्तरमध्ये आमच्या वस्तीतली नवी माणसं हलवली. माझी आई होती, भाऊ होता. रित. कुठं नेली?"

"मला माहीत नाही," काळी येम म्हणाली. फार लवकर म्हणाली.

गाडीत आई पहिल्यांदा खाली बसली. बराच रस्ता मागं पडल्यावर म्हणाली, "केतचं खरं होतं."

"हो."

"तीन वर्षं छळलं मी त्याला." मग थोड्या वेळानं: "आणि हिचं? हिचं 'माहीत नाही' खरं असेल?"

मी म्हणाले, "कोणास ठाऊक." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतेय.

त्याच जुलैत पुन्हा गोळीबार झाला, दोन पंतप्रधानांतला एक उरला आणि रस्ते बंद पडले. अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस डोंगरातले शेवटचे लोकही खाली आले. लढाई संपली असं रेडिओनं सांगितलं. आई परत मालाईला गेली. मग दर उन्हाळ्यात जाऊ लागली. जाताना प्राहोकची, म्हणजे आंबवलेल्या माशांची, बरणी न्यायची, येताना मका आणायची. "काय बोलता तुम्ही दोघी?" मी विचारायची. "गुडघ्यांबद्दल," ती म्हणायची. प्रश्न ती दर वेळी एकदाच विचारायची, निघताना, उंबऱ्यात उभी राहून. पहिल्या भेटीपासून पाचव्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकमध्ये, काळ्या येमनं उत्तर दिलं.

मी त्या वेळी बरोबर होते. शिक्षिकेचा अभ्यासक्रम नुकताच संपला होता.

"पूर्वेला नेली," काळी येम जमिनीकडे बघत म्हणाली. "पुर्सातकडे. बैलगाड्यांतून. मला मोजायला उभी केली होती. नऊ गाड्या होत्या. संध्याकाळी नऊ परत आल्या. रिकाम्या."

"एका दिवसात?"

"एका दिवसात."

म्हणजे फार लांब नेलं नव्हतं. आईला ते समजायला वेळ लागला नाही. पण तिच्या तोंडून जो प्रश्न आला तो मला त्या क्षणी सुचलाच नव्हता.

"गाड्या कोण हाकत होतं?"

काळी येम मक्याच्या पिशवीचं तोंड बांधू लागली.

"केत होता?"

"गावात जेवढे गाडीवान होते तेवढ्यांना बोलावलं होतं. तोंडं नाही बघितली मी. गाड्या मोजल्या."

आई घरी आली आणि बाबांचा फोटो तिनं खोलीतून काढून पेटीत ठेवला. त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात तिनं देवळात आजीच्या आणि रितच्या नावानं भाताचे गोळे टाकले. बाबांच्या नावाचा गोळा मी टाकला. ती सारखी चालत होती. घरातल्या घरात, दारापासून चुलीपर्यंत. "वर्षभर एका चटईवर," ती मला एकदा म्हणाली. "मी त्याला माझ्या आईबद्दल रोज सांगायची. रोज ऐकायचा तो. एक शब्द बोलला नाही." मग लगेच: "पण माहीत नसेल तर काय बोलणार?" मग: "पण माहीत असेल तर?" हे असं सहा महिने.

मी शेवटी म्हणाले, "वुनकाकांना विचार. तेही गाडीवान होते."

"तो खोटं बोलेल."

"विचारशील तर खरी."

वुनकाका कोक त्रोमला मुलाकडे राहत होते. दृष्टी गेली होती. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात विडा कुटत बसले होते. आईनं आडवळण घेतलं नाही.

"सत्त्याहत्तरमध्ये नवी माणसं पूर्वेला नेली. तुम्ही गाडी हाकली?"

कुटणं थांबलं. घरातून सून डोकावली आणि आत गेली.

"हाकली," ते म्हणाले. "आंब्यांच्या राईपर्यंत. तिथं उतरवून घेतलं आणि आम्हाला परत पाठवलं. मागं वळून बघायचं नाही म्हणाले. मी बघितलं नाही. ऐकू आलं ते आलं."

"केत होता?"

"त्याची गाडी होती."

"केत होता का?"

"त्याची गाडी गावातल्या सोनच्या पोरानं हाकली. केत सकाळी उठलाच नाही. ताप आहे म्हणाला. त्यासाठी त्याला बंधाऱ्यावर माती वाहायला लावली, पहिला महिना अर्ध्या पेजेवर, आणि मग तिथंच ठेवलं. तुला तो बंधाऱ्यावर भेटला तो त्यामुळंच. नाहीतर गाडीवानाचं तिथं काय काम?"

"ताप खरा होता?"

"वहिनी, त्याच्या कपाळाला हात लावायला मी गेलो होतो का?" वुनकाका परत कुटायला लागले, मग थांबून म्हणाले, "मला पण ताप आहे असं म्हणता आलं असतं. सुचलं नाही मला. इतकी वर्षं झाली, अजून सुचायचं थांबत नाही."

परतीच्या वाटेवर आई बांधावरून पुढं चालत होती, मी मागं. मी म्हणाले, "बघ. नव्हते बाबा."

"म्हातारा मला बरं वाटावं म्हणून बोलला असेल."

"असेल."

"ज्या महिन्यात हलवलं आणि ज्या महिन्यात केत बंधाऱ्यावर आला, ते जुळतं का कोण जाणे. तेव्हा महिने कोण मोजत होतं?" ती आणखी बरीच पुढं गेली आणि न वळता म्हणाली, "एकदा त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा चूक माझी निघाली. आता ठेवते. चूक निघाली तर निघाली."

आम्ही घरी न जाता तशाच पूर्वेला गेलो. आंब्यांची राई आता कोणाच्या तरी मालकीची आहे, कुंपण आहे. राखणदार म्हणाला, इथं हाडं निघायची, ती गोळा करून देवळाच्या आवारात स्तूपात ठेवलीयत. आई स्तूपाच्या काचेसमोर उभी राहिली. आत सगळं एकत्र होतं. तिनं कवट्यांकडे बघितलं, लहान-मोठ्या, आणि कोणाकडे बोट दाखवायचं ते तिला कळेना, तेव्हा तिनं उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवून मधोमध खोचला.

आता ती सत्तरीला आलीय आणि माझ्याकडे राहते. काळी येम दोन हजार नऊमध्ये गेली. तिच्या मुलींनी निरोप धाडला तेव्हा आई पहिल्या गाडीनं गेली आणि सात दिवस राहिली. बाबांचा फोटो भिंतीवर आहे. वर्षातून एकदा आम्ही राईत जातो. राखणदाराच्या बायकोनं आईसाठी खास बाकडं आणून ठेवलंय. आई तिला दर वेळी दुवा देते, पिशवी बाकड्यावर ठेवते, आणि कुंपणाच्या कडेकडेनं चालू लागते.